डब्यात मावलेला आंबोली घाट

गावच्या घराच्या दाराला कुलूप लावून झाल्यावर अण्णांनी काठी टेकत भाड्याच्या गाडीभोवती एक फेरी मारली. चारही चाकांना उजव्या चपलेने एकेक ठोसा दिला, मागचे दिवे लागतात का पाहिलं, वाकता येईल तेवढं वाकून खाली तेल गळतंय का ते बघितलं, आणि मग ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. ड्रायव्हर कुडाळचा होता, त्याची गाडी नवी होती आणि त्याला तिच्या सीएनजीचा, हप्त्यांसकट, अभिमान होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. माझे वडील एकतीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते आणि त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे ड्रायव्हर असतात: ते स्वतः आणि शिकाऊ.

तुम्ही वाडीतले सगळे अंगणात उभे होतात, तेव्हा हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण जे त्याआधीच गाव सोडून गेले, त्यांच्यासाठी सांगते. गणपती गेल्यावर आठच दिवसांत अण्णा न्हाणीघरात पडले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच होते. शेजारचे वामनकाका दूध द्यायला आले म्हणून कळलं. झटका लहान होता, पण डावा पाय घेऊन गेला, निदान अर्धा. डॉक्टर म्हणाले, यांना एकटं ठेवायचं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली, मी एकटीच मुलगी, म्हणजे प्रश्न फार गुंतागुंतीचा नव्हता. उत्तर मुलुंडला राहत होतं.

"शिमग्याक परत येतलंय," अण्णा वामनकाकांना म्हणाले. मला नाही, वामनकाकांना. काकांनी किल्ली घेतली आणि फणस कोणी काढायचे ते विचारलं. निरोप एवढाच.

मुंबई येईपर्यंत प्रत्येक वळणावर अण्णांनी उजव्या पायाने ब्रेक दाबला. ब्रेक अर्थातच तिथे नव्हता. पनवेलला चहाला उतरलो तेव्हा पायाखालची चटई गुंडाळी होऊन पुढे गेली होती, आणि कुडाळच्या त्या ड्रायव्हरला घाम आला होता.

मी हाच रस्ता बावीस वर्षांपूर्वी धरला होता. तेव्हा आई म्हणाली होती, "पोटाक खा, आणि कोणाक उलटा बोलू नको." पहिलं मी पाळलं. अंधेरीतलं मुलींचं वसतिगृह, मग लग्न करून बोरिवली. लग्न हेही स्थलांतरच. त्यातून मी चार वर्षांत परत आले. मग मुलुंड पूर्व, एक खोली आणि स्वयंपाकघर, चौथा मजला. इमारतीचं नाव 'राजवैभव'. लिफ्टमध्ये तिसरा माणूस मावत नाही. नोकरी विम्याच्या कचेरीत, जिथे मी दिवसभर लोकांनी लिहिलेली अपघातांची वर्णनं वाचते. माणसं एरवी कितीही रुक्ष असोत, अपघाताचं वर्णन करताना फार अलंकारिक होतात. झाड नेहमी 'अचानक समोर' येतं.

अण्णांची कॉट मी खिडकीशी लावली. खालून रस्ता जातो, पलीकडे बसचा थांबा आहे. पहिले काही दिवस ते खालच्या बसगाड्यांना शिव्या घालायचे. "बघ बघ, खंय लावल्यान! म्हातारी काय उडी मारतली?" मला ते बरं वाटायचं. मग शिव्या थांबल्या. मग बोलणंच थांबलं. विचारलं तर उत्तर एकच, "हयसर माका काय काम?" मी कामावर जायचे, परत यायचे, ते तिथेच तसेच बसलेले. वाडीत अंधार पडेपर्यंत घरात न टिकणारा माणूस. आणि रोज संध्याकाळी चहाच्या कपाबरोबर ते शिमग्याला किती दिवस राहिले ते सांगायचे, हवामान सांगावं तसं.

मला ते राहायला हवे होते. हे वाक्य इतकं साधं आहे की ते मला त्यांच्यासमोर कधी म्हणता आलं नाही. मी म्हणायचे, डॉक्टरांनी सांगितलंय. मी म्हणायचे, व्यायाम पूर्ण होऊ दे. पायाच्या व्यायामाला आठवड्यातून तीनदा स्टेशनजवळ जायचो, तिथली बाई बिचारी म्हणायची, "काका, डावा पाय दाबा, माझ्या हातावर दाबा," आणि काका भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत बसायचे.

त्याच रस्त्यावर हर्षदभाईंचं दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीचं, एका माणसाचं. दुकान एवढं लहान की हर्षदभाई आत असले की गिऱ्हाईक फुटपाथवर उभं राहतं. मी चार्जर दाखवायला थांबले होते. हर्षदभाई, वय साठच्या पुढे, कपाळावर केशराचा टिळा, समोरच्या पडद्यावर ट्रक चालवत होते. जर्मनीत. बाहेर मुलुंडचं ऊन, हॉर्न, भाजीवाले. आत एक लांबच लांब ओला रस्ता, दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं आणि कुठेतरी लांब पवनचक्क्या.

"गिऱ्हाईक नसला की मी हॅम्बुर्गला जाऊन येतो," हर्षदभाई म्हणाले. "बायडीला सांगू नका. तिला वाटते मी हिशोब करतो."

मी हसले आणि वळून अण्णांकडे पाहिलं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, पडद्याकडे बघत. हर्षदभाईंनी वळण घेतलं, आणि अण्णांचा डावा पाय फुटपाथवर हलला. टाच टेकलेली, चवडा खाली गेला, सावकाश वर आला. त्यांना कळलंसुद्धा नाही. व्यायामाच्या बाईंच्या हातावर दोन महिन्यांत जे झालं नव्हतं ते.

"क्लच दाबूचो होतो त्येनी," घरी येताना अण्णा एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी हर्षदभाईंकडे गेले.

"बेन, तुम्ही गेम रमणार?" त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

मी सांगितलं, वडिलांसाठी. बस चालवायचा खेळ, घाट असलेला. माझा कचेरीचा जुना लॅपटॉप चालेल का?

"चालेल ने. घाट स्लाइड शोमदी दिसेल. एक झाड, मग चा पिऊन या, मग दुसरा झाड."

म्हणजे वेगळा कॉम्प्युटर लागणार होता, खेळांसाठी बनवतात तसा. दुकानांत मिळणारे मी पाहून आले. ते कॉम्प्युटर नाहीत, मिरवणुका आहेत. काचेची भिंत, आत सात रंगांत फिरणारे पंखे, वर ड्रॅगनचं नाहीतर गरुडाचं चित्र, आकार गोदरेजच्या कपाटाच्या धाकट्या भावाएवढा. माझ्या घरात मोकळी जागा एकच होती, कॉट आणि खिडकी यांच्यामधली, जिथे गावाहून आणलेल्या तांदळाचा पत्र्याचा डबा असतो. मी फूटपट्टीने डबा मोजला आणि आकडे हर्षदभाईंना दिले. त्यांनी कागद बराच वेळ बघितला. म्हणाले, "बनेल. पण लहान करायला अक्कल मोठी लागते. आणि सुटा सुटा सामान शोधावा लागेल. जुना पण चालेल. फक्त पॉवर सप्लाय जुना नाय घ्यायचा. बाकी सगळा जुना चालते. नवरा पण."

"तो मी परत केला," मी म्हणाले. ते इतके हसले की टिळा हलला.

मग दीड महिना मी सुट्टीच्या दिवशी उपनगरं फिरले. आजवर मी या शहरात कामासाठी, लग्नासाठी, वकिलासाठी फिरले होते; ग्राफिक्स कार्डासाठी, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागासाठी, पहिल्यांदाच. जुनं सामान विकणाऱ्यांच्या घरी गेलं की एक गोष्ट लक्षात येते. माणसं वस्तू विकत नसतात, निघत असतात. अंधेरीच्या त्या घरात भिंतींवर चित्रांचे फिकट चौकोन राहिले होते आणि सगळीकडे चिकटपट्टीचा वास. नवरा-बायको आयर्लंडला चालले होते. कार्ड बायकोचं होतं. तिने ते जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून, बाळंतिणीने बाळ द्यावं तसं माझ्या हातात ठेवलं. "लॉकडाऊनमध्ये याच्यावर मी काय काय जग बघितलंय, तुम्हाला काय सांगू! जपा हं." मी विचारलं, तिकडे खेळणार नाही का? ती म्हणाली, "तिकडे खरंच जायचंय ना आता." आणि हे बोलून झाल्यावर तिचं तिलाच काहीतरी वाटलं आणि ती पाणी आणायला आत गेली.

मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर बाकीचं सगळं बसतं तो पाट, घाटकोपरच्या एका दुकानात मिळाला. लहान आकाराचे पाट महाग असतात. हा काचेत मांडून ठेवलेला होता आणि त्याचं खोकं फाटलं होतं म्हणून सवलतीत. प्रोसेसर बंद पडलेल्या एका कचेरीचा. हे सगळं ज्यात बसवायचं तो लहान डबा, पॉवर सप्लाय आणि प्रोसेसरवर बसणारा बुटका पंखा हर्षदभाईंनी मिळवून दिला. मेमरीच्या पट्ट्या मला साध्या हव्या होत्या, पण सवलत फक्त दिवेवाल्यांवर होती. या धंद्यात अंधार महाग आहे.

स्टिअरिंग आणि पेडलं बोरिवलीच्या एका गृहस्थांची. त्यांना जुळ्या मुली झाल्या होत्या आणि खेळायची खोली गेली होती. त्यांनी सगळं हळूच एका पिशवीत भरलं, कोणाला कळू नये असं. तरी आतून आवाज आला, "अहो, क्लच राहिलाय कॉटखाली! तो कोण चालवणारे, मी?" गृहस्थांनी क्लच आणून दिला. पिशवी माझ्या हातात देऊनही त्यांनी तिचे बंद काही क्षण सोडले नाहीत.

जोडणी एका रविवारी दुपारी, अण्णांच्या कॉटवर वर्तमानपत्र पसरून केली. हर्षदभाई फोनवर होते. त्यांचं म्हणणं, हाताने जोडलंत तर बिघडल्यावर घाबरणार नाही. अण्णा खुर्चीवर बसून माझ्याकडे पाठ करून रस्ता बघत होते. अगदी पूर्ण पाठ नव्हे, तीन-चतुर्थांश. सगळं बसलं, पण ग्राफिक्स कार्ड डब्यात जाईना. काडीभर जास्त लांब होतं. मी ते आडवं करून पाहिलं, तिरपं करून पाहिलं, एकदा नुसती विनंती करून पाहिली.

"तो पुढचो पंखो काढ," पाठीमागून आवाज आला. "गाडयेत जागा नसताच. करूची लागता."

पंखा काढला. कार्ड बसलं. मी बटण दाबलं आणि मेमरीच्या पट्ट्या हिरव्या, जांभळ्या, मग केशरी झाल्या.

"ह्यां काय गो? दशावतार?"

मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. आतून अजूनही फटीतून थोडा उजेड येतो, देवळाच्या बंद दारातून यावा तसा.

यंत्र चाललं. आठ मिनिटं. मग आपोआप बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा आठ मिनिटं. हर्षदभाई फोनवर एकेक विचारत गेले, प्रोसेसरवर गरमी ओढणारी पेस्ट लावली का, वायर लावली का, पंखा फिरतो का. सगळं केलं होतं. मी सामानाबरोबर आलेली सूचनापत्रकं वाचत बसले. अण्णा उठले. त्या घरात आल्यापासून कोणी न सांगता उठायची ती पहिलीच वेळ. काठी न घेता, कॉटला धरून ते डब्यापाशी आले, तळहात वर धरला, मग बाजूला, मग नाक जवळ नेलं.

"इंजिन तापता गो. आणि वारो थंडच येता. समाजलंस? गरमी भायर येना नाय. मधे कायतरी आसा. खोल."

मी खोलला. बुटका पंखा उचलला. त्याच्या तांब्याच्या तळावर, जिथे तो प्रोसेसरला टेकतो, तिथे पारदर्शक प्लास्टिक होतं, आणि त्यावर इंग्रजीत ठळक अक्षरांत 'लावण्यापूर्वी काढा' असं लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं. वाचून, बोटाने सपाट करून, जपून तसंच ठेवलं होतं.

यात माझी काही चूक नाही. आपल्या घरातला फ्रिज सोळा वर्षं त्याच्या स्टिकरसकट उभा होता. आईने तो स्टिकर ओल्या फडक्याने पुसून पुसून नवा ठेवला होता. टीव्हीचा रिमोट आजही पिशवीत आहे, वामनकाका साक्ष देतील. नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणं म्हणजे तिचं वय सुरू करणं, आणि आपल्याकडे ते कोणी आपणहून सुरू करत नाही. मुंबईत बावीस वर्षं राहून, घटस्फोट घेऊन, टक्केवारीत अपघात मोजूनही माझ्या बोटांना ते प्लास्टिक काढायचं सुचलं नाही.

अण्णांनी ते नखाने सोलून काढलं. आणि हसले. आवाज न करता, खांदे हलवून, आईसमोर हसायचे तसे.

त्यानंतर यंत्र एकदाही बंद पडलं नाही. पण अण्णा स्टिअरिंगला हात लावेनात. "माका खऱ्या गाडयेची सवय. ह्यां पोरांचा." मी आग्रह केला नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून आले तर खुर्ची दोन बोटं खाली केलेली, पाठीला घडी घातलेला टॉवेल लावलेला आणि पेडलांखाली चिंध्यांचं पायपुसणं, घसरू नये म्हणून. मी भाजी निवडायला बसले.

हर्षदभाईंनी आंबोली घाट शोधून दिला. कोणा हौशी माणसाने तो फुरसतीत बनवून सगळ्यांसाठी ठेवला आहे, फुकट. सावंतवाडीसारखा दिसणारा स्टँड, दाणोलीचा थांबा, मग चढ, वळणं, धबधब्यापाशी कठडा, वर धुकं. शनिवारी दुपारी अण्णांनी पहिल्यांदा माझ्यासमोर गाडी चालू केली. इंजिन घुमलं. मी स्वयंपाकघरात कुकर लावला. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली. इंजिन घुमतंच होतं. बाहेर येऊन बघते तर गाडी स्टँडवरच उभी, अण्णा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसलेले.

"काय झालं? बिघडलं?"

"बेल कोण देतला?"

"अण्णा, हा खेळ आहे."

"मगे? बेलीशिवाय गाडी कशी काढू?"

हे सांगायची तुम्हाला गरज नाही. एक घंटा थांबायला, दोन घंटा निघायला. मागे कोण चढतंय, कोणाचा पाय पायरीवर आहे, कोणाची टोपली अजून खाली आहे हे ड्रायव्हरला दिसत नाही, ते कंडक्टर बघतो. एकतीस वर्षं या माणसाने स्वतःच्या मनाने गाडी हलवली नव्हती. मुलुंडच्या चौथ्या मजल्यावर तो आता हलवणार नव्हता.

मी देवघरातली घंटा आणली, त्यांच्या मागे उभी राहिले आणि दोनदा वाजवली. डावा पाय दबला, गियर पडला, पाय सुटला. गाडी निघाली.

तेव्हापासून मी शनिवार-रविवारी त्या मार्गावर कंडक्टर आहे. खिडकीतून दुपारचं ऊन कॉटवर येतं, खाली मुलुंडची वाहनं एकमेकांवर ओरडत असतात, आणि आमची गाडी दुसऱ्या गियरमध्ये, घाईशिवाय, हिरव्या अंधारातून वर चढते. कधी धुक्यातून नुसता पांढरा दगड येतो आणि जातो. कधी मला वाटतं मी सात वर्षांची आहे आणि इंजिनाच्या गरम झाकणावर बसले आहे. त्या घाटात माणूस एकही नाही. बनवणाऱ्याने झाडं केली, माकडं केली, माणसं करायचं राहिलं. तरीही अण्णा प्रत्येक थांब्यावर थांबायचे.

"कोणी नाहीये," मी पहिल्यांदा म्हणाले.

"कोण उतरना नाय म्हणान काय झाला? थांबो तो थांबो."

मग रिकाम्या थांब्यावर नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून एकदा मी म्हटलं, "दाणोली. पोष्टातले सावंत उतरले."

अण्णांनी आरशात पाहिलं. "त्येंची छत्री रवली काय बघ."

"राहिली. दिली."

"हां." थोड्या वेळाने, "भागीरथी वयनी चढली?"

भागीरथी वहिनी जाऊन दहा वर्षं झाली. "चढली. कोंबडी आहे बरोबर."

"कोंबडयेचा अर्धा तिकीट काढ. सोडू नको. दर येळा फसवता."

अशी आमची गाडी भरत गेली. तुम्ही सगळे येऊन गेलात तिच्यातून. बंड्या दारात लोंबकळला म्हणून ओरडा खाऊन गेला. जोशी मास्तर खिडकी बंद करा म्हणाले आणि गोव्याच्या मासेवाल्या बाईंनी उघडी करा म्हटलं. आई दोनदा चढली. दोन्ही वेळा अण्णांनी मला तिकीट काढू दिलं नाही. पास आहे म्हणाले. व्यायामाची बाई म्हणते, काकांचा पाय चमत्कार आहे. मी म्हणते, तुमच्या हातांचा गुण. शिमग्याला तोवर अठरा दिवस राहिले होते. हे मला ठाऊक होतं, कारण अण्णा सांगायचे बंद झाले होते आणि मी मनात मोजायला लागले होते. पाय बरा झाला की माणूस जातो. मीच माझ्या हाताने, सवलतीच्या सामानातून, त्यांच्या परतीची सोय जोडत होते की काय, असं मला वाटू लागलं होतं.

परवाच्या रविवारी आम्ही घाट चढून वर आलो आणि पहिल्यांदाच माघारी न वळता पुढे गेलो. आपल्या फाट्याकडे. दोन वळणं बरोबर होती. मग झाडं विरळ झाली, मग गवत संपलं, आणि रस्ता कापल्यासारखा थांबला. पुढे काहीच नव्हतं. काळं नव्हे, पांढरं नव्हे. एक राखाडी सपाटी, सगळीकडे सारखी, जिला अंतर नव्हतं. त्या हौशी माणसाने तिथवरच केलं होतं. आपला गाव त्याला लागला नव्हता.

अण्णांनी गाडी थांबवली. मी घंटा दिली नव्हती, तरी.

"पुढे रस्तो नाय," ते म्हणाले.

मला वाटलं, आता ते म्हणतील. आता उठतील आणि म्हणतील, गावचं तिकीट काढ.

त्यांनी मान थोडी मागे वळवली. "उतरा रे सगळी. हयसून चलत जावा. अर्ध्या तासाचा काम. सवय आसा तुमका." मग मला, "उतरली सगळी?"

मी रिकाम्या कॉटकडे पाहिलं. "उतरली."

"वयनीक हात दिलंस?"

"दिला." मग मी विचारलं, कारण आता न विचारणं खोटं झालं असतं. "आणि तुम्ही, अण्णा? तुम्हाला नाही उतरायचं?"

"मी कसो उतरतलंय? गाडी परत नेवक होयी मा."

"परत कुठे?"

त्या कुडाळच्या ड्रायव्हरकडे बघत होते तसे ते माझ्याकडे बघायला लागले. "खंय म्हणजे? मुलुंडाक."

तुम्ही फोनवर विचारता, अण्णा कधी येणार. येतील. आंब्यांना येतील, पंधरा दिवस, माझ्याबरोबर. वामनकाका, तुम्ही तेव्हा कॉट बाहेरच्या खोलीत लावून ठेवा. शिमग्याला नाही. घराचं म्हणाल तर ते कुठे आहे हे मला बावीस वर्षांत कोणाला नीट सांगता आलेलं नाही. विचारलं की मी सावंतवाडीच्या पुढे म्हणते आणि लोक मान हलवतात. ते तिथेच आहे, तुम्ही आहात म्हणून आहे. पण माणूस निघतो कुठून आणि परत कुठे येतो ही दोन वेगळी गावं असू शकतात, हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं. त्यांनी ते सांगितल्याचं त्यांना अजून माहीत नाही.

त्या रविवारी तिथे रस्ता अरुंद होता. गाडी वळवायची तर आडवी करून मागे घेणं भाग होतं, कडेच्या त्या राखाडी रंगात.

"बघ गो मागे," अण्णा म्हणाले आणि रिव्हर्स टाकला.

मी खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. मागची चाकं रस्ता सोडून जिथे काहीच केलेलं नाही तिथे गेली, आणि बुडाली नाहीत. मी हात हलवत म्हणत राहिले, येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, जागा आहे.